स्मरणाचे साक्षीदार : मेंदूतील बदल टिपणारी प्रतिपिंडे

निवासी शाळेत राहिलेल्या प्रत्येकाच्या कानात पहाटेच्या पाठांतराचा सूर आयुष्यभर राहतो. थंडीत चादर गुंडाळून बसलेली मुले, एका लयीत चाललेले पाढे, आणि 'एकोणीस सत्ते' आले की हमखास अडखळणारा एखादा विद्यार्थी. पहिल्या दिवशी तो थांबतो, दुसऱ्या दिवशी चाचरतो आणि आठवड्याने 'एकशे तेहेतीस' हे उत्तर त्याच्या तोंडून आपसूक येते. मुलगा तोच, त्याचे डोकेही तेच. मग त्या आठवड्यात त्याच्या मेंदूत नेमके बदलले काय?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. 'आमच्या मुलाला डोकेच नाही' असे म्हणणारे पालक आपल्या गावोगावी भेटतात. कुणाची बुद्धी जन्माने ठरते, ती घराण्याने येते, हा समज तर आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. शिकण्याने मेंदूची घडण बदलते असे आधुनिक विज्ञान सांगते, तेव्हा ते आपल्याला आवडते. परंतु जे आवडते तेही तपासून घ्यावे लागते. मेंदूतील हा बदल पाहिला कुणी, कशाने पाहिला आणि त्या पाहण्यावर विश्वास किती ठेवावा, याची माहिती या लेखात करून घेऊ.

वापराने रुळणारी वाट

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. एक चेतापेशी दुसरीला जेथे संदेश देते त्या अतिसूक्ष्म संपर्कस्थानाला सिनॅप्स म्हणतात, आणि एकेका पेशीला असे हजारो सिनॅप्स असतात. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना ही रचना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. ज्या चारीतून पाणी नित्य वाहते ती मोकळी राहते. जिच्यातून पाणी सोडलेच जात नाही ती गाळाने आणि गवताने भरते. सिनॅप्सचेही काहीसे असेच आहे. वापराने तो बळकट होतो, न वापरल्याने दुर्बल होतो. या गुणाला चेतापेशींची लवचिकता असे म्हणतात.

टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो या दोन शास्त्रज्ञांनी ओस्लो येथे सशांच्या मेंदूवर केलेले प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाले. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग नव्या आठवणी घडवण्याच्या कामी महत्त्वाचा असतो. तेथील चेतातंतूंच्या एका वाटेवर थोड्या अवधीत वेगाने विद्युत्‌स्पंद पाठवले, तर पुढे कित्येक तास त्या वाटेवरील पेशी अधिक जोमाने प्रतिसाद देतात, असे त्यांना आढळले. पाठांतराचा परिणाम मेंदूत कसा टिकत असावा, याचा हा पहिला भक्कम दुवा होता.

हे बळकटीकरण घडवून आणतात ती प्रथिने. चेतापेशीत कॅल्शियम शिरले की 'कॅमके-२' नावाचे प्रथिन जागे होते आणि इतर प्रथिनांवर फॉस्फेटची खूण चढवते. 'अँपा' ग्राहक म्हणजे संदेश स्वीकारणारे दरवाजे. सिनॅप्स बळकट होतो तेव्हा त्यांची संख्या वाढते. 'पीएसडी-९५' हे प्रथिन त्या दरवाजांना चौकटीसारखे जागेवर धरून ठेवते. 'आर्क' हे प्रथिन पेशीला चालना मिळाल्यावर थोड्याच वेळात तयार होते आणि काही दरवाजे परत आत ओढून घेऊन समतोल राखते. 'बीडीएनएफ' हे प्रथिन चेतापेशींना जगवते, वाढवते आणि सिनॅप्सच्या बदलाला हातभार लावते. पाढा पाठ होणे म्हणजे अशा अनेक प्रथिनांची, अब्जावधी ठिकाणी होणारी मांडामांड.

अडचण एवढीच, की यांतले काहीही डोळ्यांना दिसत नाही. प्रथिने रंगहीन असतात, कमालीची लहान असतात, आणि एका पेशीत हजारो प्रकारची प्रथिने एकत्र नांदत असतात. त्या गर्दीतून नेमके एकच प्रथिन हुडकून काढायचे असेल, तर त्याला ओळखणारा कुणीतरी हवा. हे ओळखण्याचे काम प्रतिपिंडे करतात. त्यांना अँटिबॉडी म्हणूनही आपण ओळखतो. करोनाच्या साथीत तो शब्द घराघरांत पोचला.

सर्पदंशाच्या इंजेक्शनापासून प्रयोगशाळेपर्यंत

प्रतिपिंडांशी आपला परिचय त्याहूनही जुना आहे. उसाच्या फडात किंवा ऊसतोड मजुरांच्या कोपीत रात्री कुणाला साप चावला, तर नातेवाईक त्याला घेऊन बारामतीच्या वा इंदापूरच्या रुग्णालयाकडे धाव घेतात. तेथे जे इंजेक्शन दिले जाते, त्यात बहुधा घोड्याच्या रक्तातील प्रतिपिंडे असतात. घोड्याला सापाचे विष अगदी अल्प मात्रेत, हळूहळू वाढवत टोचले जाते. त्याचे शरीर त्या विषाला ओळखून अडवणारी प्रतिपिंडे तयार करते. ती रक्तातून वेगळी करून शुद्ध केली, की दुसऱ्याचा जीव वाचवण्याच्या उपयोगी पडतात.

या विद्येचा पाया १८९० साली एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी बर्लिनमध्ये घातला. महाराष्ट्रात तिची परंपरा मोठी आहे. मुंबईच्या परळ येथे १८९९ साली प्लेग संशोधनासाठी उभी राहिलेली प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. पुण्यात १९६६ साली सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या तर नावातच रक्तद्रव आहे.

या इंजेक्शनाचा एक धडा पुढे उपयोगी पडणार आहे. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांविरुद्ध बनवलेले असते. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्याच्या विषावर त्याचा भरवसा धरता येत नाही. प्रतिपिंड ज्याला ओळखायला शिकले आहे, त्यालाच ते ओळखते. तेच त्याचे सामर्थ्य आहे आणि तीच त्याची मर्यादाही.

संशोधकांनी हाच गुण हेरला. विषाऐवजी मेंदूतील एखादे प्रथिन, उदाहरणार्थ पीएसडी-९५, सशाला टोचले तर सशाच्या रक्तात त्या प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडे तयार होतात. त्यांचे काम कुणाला वाचवणे हे नसते, तर शोधणे आणि दाखवणे हे असते. मेंदूचा अत्यंत पातळ काप घेऊन त्यावर ती सोडली, की ती नेमकी त्या प्रथिनाला जाऊन चिकटतात. मग शेळीत तयार केलेली आणि सशाच्या प्रतिपिंडांना ओळखणारी दुसरी प्रतिपिंडे सोडायची. त्यांना आधीच चमकणारा रंग जोडलेला असतो. प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडण्याची ही युक्ती १९४०च्या दशकात आल्बर्ट कून्स यांनी रूढ केली. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे-तांबडे ठिपके उजळतात, आणि एरवी अदृश्य असणारे सिनॅप्स भिगवणच्या पाणथळीवर रात्री दिसणाऱ्या मासेमारांच्या दिव्यांसारखे एकेक करून दिसू लागतात.

दुसऱ्या एका पद्धतीत मेंदूतील प्रथिने आकारानुसार वेगळी करून एका पातळ पटलावर उतरवतात. प्रतिपिंड पटलाला कुठेही चिकटू नये म्हणून ते आधी चक्क सायविरहित दुधाच्या भुकटीच्या द्रावणात भिजवून ठेवतात. गोठा सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या घरांना या गोष्टीची गंमत वाटेल. दुधातील प्रथिने रिकाम्या जागा व्यापून टाकतात आणि प्रतिपिंडाला फक्त आपले लक्ष्य उरते. मात्र शोध फॉस्फेटच्या खुणेचा असेल तर दूध जपून वापरावे लागते, कारण दुधातील केसीनवरही फॉस्फेट असते आणि साक्ष गढूळ होऊ शकते.

एका प्राण्याच्या रक्तात एकाच प्रथिनाविरुद्ध अनेक प्रकारची प्रतिपिंडे मिसळलेली असतात, आणि तो प्राणी गेला की तसे मिश्रण पुन्हा मिळत नाही. या अडचणीवर १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी उपाय शोधला. प्रतिपिंड बनवणारी उंदराची एक पेशी आणि सतत वाढत राहणारी कर्कपेशी यांचा त्यांनी संयोग घडवला. अशा संकरित पेशीची संतती एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके देत राहते. या कामासाठी त्यांना १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्रातले काम

मेंदूच्या अशा अभ्यासाची महत्त्वाची केंद्रे आपल्यापासून फार दूर नाहीत. पुण्याच्या पाषाण भागातील आयसर या संस्थेत चेतापेशींची वाढ व सिनॅप्स यांवर संशोधन चालते. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शुभा तोळे मेंदूची जडणघडण गर्भावस्थेत कशी होते याचा, तर डॉ. विदिता वैद्य भावना, ताण आणि मेंदूची लवचिकता यांचा अभ्यास करत आल्या आहेत. दोघींनाही शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि इन्फोसिस पारितोषिक मिळाले आहे.

डॉ. वैद्य यांच्या प्रयोगशाळेचे एक काम येथे सांगण्याजोगे आहे. प्रौढ उंदरांच्या जातीच्या प्राण्यांत हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी जन्माला येतात. पेशी विभागताना ती आपल्या डीएनएची नक्कल करते. त्या वेळी शरीरात 'बीआरडीयू' हा पदार्थ असेल तर तो नव्या डीएनएत बसतो, आणि त्याला ओळखणाऱ्या प्रतिपिंडाने नवी पेशी शोधता येते. या पद्धतीने त्यांच्या गटाने २००२ साली दाखवले, की मेंदूतील नॉरअॅड्रेनलिन कमी केले तर अशा नव्या पेशी घडवणाऱ्या पूर्वज पेशींचे विभाजन घटते.

त्यांच्या गटाने पिलांना जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईपासून रोज काही तास वेगळे ठेवण्याच्या परिणामांचाही अभ्यास केला. त्या ताणाच्या खुणा प्राणी मोठा झाल्यावरही वागण्यात उमटतात, आणि सेरोटोनिनच्या एका प्रकारच्या ग्राहकाला त्या काळात अडवले तर काही परिणाम टाळता येतात, असे दिसले. निवासी शाळेत मूल ठेवणाऱ्या पालकांच्या मनात हे वाचून कालवाकालव होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच स्पष्ट सांगितले पाहिजे, की हे निष्कर्ष डोळेही न उघडलेल्या पिलांविषयीचे आहेत; दहा वर्षांच्या मुलाने मित्रांसोबत, शिक्षकांच्या मायेखाली वसतिगृहात राहणे ही वेगळीच गोष्ट आहे. एका प्राण्याची साक्ष दुसऱ्याच्या खटल्यात जशीच्या तशी चालत नाही.

साक्षीदारांत मतभेद

माणसाच्या मेंदूत प्रौढपणी नव्या चेतापेशी तयार होतात का? १९९८ साली स्वीडन आणि अमेरिकेतील संशोधकांनी, कर्करोगाच्या तपासणीसाठी बीआरडीयू दिलेल्या पाच रुग्णांच्या मेंदूंची त्यांच्या मृत्यूनंतर तपासणी केली आणि 'होतात' असे उत्तर दिले. पुढे वीस वर्षे हे उत्तर पाठ्यपुस्तकांत स्थिरावले.

मग २०१८ साल उजाडले. मार्च महिन्यात एका गटाने प्रसिद्ध केले, की बालपणानंतर नव्या चेतापेशी झपाट्याने कमी होतात आणि प्रौढांत त्या सापडतच नाहीत. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या गटाने सांगितले, की ७९ वर्षांच्या माणसातही त्या सापडतात. दोन्ही गट अनुभवी होते. 'डबलकॉर्टिन' आणि 'पीएसए-एनकॅम' ही कोवळ्या चेतापेशींची खूण मानली जाणारी प्रथिने दोघांनीही प्रतिपिंडांनीच शोधली होती. तरी निष्कर्ष परस्परविरुद्ध आले.

२०१९ साली माद्रिदच्या संशोधकांनी या वादातील एक महत्त्वाची गाठ दाखवून दिली. मृत्यूनंतर मेंदूचा भाग टिकवण्यासाठी रासायनिक द्रावणात किती काळ ठेवला, यावर डबलकॉर्टिन दिसणे अवलंबून असते. फार काळ ठेवला तर प्रथिन तेथे असूनही प्रतिपिंड त्याला ओळखू शकत नाही. साक्षीदार खोटे बोलत नव्हता. त्याच्यासमोर उभ्या केलेल्या माणसाचा चेहराच ओळखू येण्याजोगा उरला नव्हता. त्या गटाला उतारवयातील निरोगी मेंदूंतही कोवळ्या पेशी आढळल्या. तरीही त्या खुणा माणसात नेमका काय अर्थ सांगतात, यावरची चर्चा अद्याप संपलेली नाही.

साक्षीदाराचीच उलटतपासणी

कधी कधी मात्र दोष खुद्द साक्षीदारात असतो. संशोधनासाठीची प्रतिपिंडे आज लहानशा कुप्यांत विकत मिळतात. पाण्याच्या काही थेंबांएवढ्या द्रावणाची किंमत आपल्याकडे कित्येकदा तीस-चाळीस हजार रुपयांच्या घरात जाते. वेष्टनावर 'अमुक प्रथिनाचे प्रतिपिंड' असे छापलेले असते. पण आतले प्रतिपिंड खरोखर तेच ओळखते का?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चेताविज्ञानाशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी विकली जाणारी ६१४ प्रतिपिंडे तपासली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक एका तरी चाचणीत नापास झाली. याहून चिंतेची बाब म्हणजे नापास झालेली शेकडो प्रतिपिंडे असंख्य शोधनिबंधांत आधीच वापरली गेली होती. एखाद्या तरुण संशोधकाची तीन-चार वर्षे अशा एका कुपीपायी वाया जाऊ शकतात. आणि त्या चुकीच्या पायावर पुढे औषधाची आशा उभारली गेली, तर रुग्णांचीही.

तपासणीची रीत मात्र अगदी साधी आहे आणि आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला कळावी अशी आहे. ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा, तेच प्रथिन जनुक काढून टाकल्याने ज्यांत तयार होऊ शकत नाही अशा पेशी घ्यायच्या. त्यांवर तेच प्रतिपिंड सोडायचे. तेथेही ते चमकले, तर ते भलत्यालाच ओळखत आहे. गावात नसलेल्या माणसाला 'मी काल पाहिले' म्हणणाऱ्याची साक्ष आपण मानत नाही, तसेच हे.

याच अभ्यासाने आशेचीही बाजू दाखवली. ज्यांची जनुकीय रचना पूर्णपणे ठाऊक आहे आणि जी प्राण्याच्या रक्ताऐवजी पेशींच्या संवर्धनातून बनवली जातात, ती पुनर्संयोजित प्रतिपिंडे इतरांपेक्षा सरस ठरली. शिवाय निष्कर्ष कळल्यावर अनेक उत्पादकांनी आपली सदोष प्रतिपिंडे विक्रीतून काढली किंवा त्यांच्या वापराच्या सूचना बदलल्या. चूक उघड झाल्यावर ती सुधारणे, हेच विज्ञानाचे खरे बळ होय.

या नव्या मार्गात प्राण्यांविषयीची करुणाही आहे. संशोधनाची प्रतिपिंडे देणाऱ्या शेळ्या आणि ससे यांची सर्वत्र नीट देखभाल होतेच असे नाही. प्राण्यांच्या हेळसांडीच्या आरोपांवरून अमेरिकेतील एका मोठ्या उत्पादकाला २०१६ साली ३५ लाख डॉलरचा दंड मान्य करावा लागला. २०२० साली युरोपीय संघाच्या संशोधन केंद्राने, यापुढे प्राण्यांचा वापर न करता बनवलेल्या प्रतिपिंडांकडे वळावे, अशी शिफारस केली. अधिक अचूक साक्ष आणि मुक्या जिवाला कमी यातना, ही दोन्ही उद्दिष्टे येथे एकाच वाटेवर आली आहेत.

आपल्यासाठी याचा अर्थ

परीक्षा जवळ आल्या की 'स्मरणशक्ती वाढवणारी' चूर्णे आणि गोळ्या गावच्या दुकानांत दिसू लागतात. 'मेंदूच्या पेशी वाढवते', 'बीडीएनएफ वाढवते' असेही त्यांवर लिहिलेले असू शकते. मजुरीच्या पैशातून ती विकत घेणाऱ्या आईवडिलांनी चार प्रश्न जरूर विचारावेत. हे पाहिले कुणात, उंदरात की मुलांत? मोजले कशाने? मोजणारे साधन तपासले होते का? आणि दुसऱ्या कुणाला तोच निष्कर्ष पुन्हा मिळाला का? या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर ते पैसे अंडी, दूध आणि पुस्तकांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे. पुरेशी झोप आणि एकाच रात्री घोकण्याऐवजी दिवसांचे अंतर ठेवून केलेली उजळणी यांचा स्मरणाला होणारा लाभ माणसांवरच्या अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसून आला आहे, आणि त्यांना दाम पडत नाही.

आपले माजी विद्यार्थी आज परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माते, शिक्षक म्हणून काम करत आहेत. उद्या कुणी संशोधनशाळेतही उभे राहतील. महागडी कुपी हाती आल्यावर तिच्यावरील नावावर विसंबू नये. जेथे ते प्रथिन मुळीच नाही तेथे ती गप्प राहते का, हे आधी पाहावे. ही सवय प्रयोगशाळेबाहेरही उपयोगी पडते. 'याला डोके नाही' असा शिक्का कुणी आपल्या मुलावर मारला, तर तोही एक प्रकारचा साक्षीदारच असतो. त्याची साक्ष न तपासता मानण्याचे कारण नाही.

एकोणीसच्या पाढ्यापाशी अडखळणारा तो मुलगा आठवड्याने पुढे गेला, तेव्हा त्याच्या मेंदूतील सिनॅप्स बळकट झाले असावेत, असे आज आपण साधार म्हणू शकतो. हा आधार जगभरच्या प्रयोगशाळांतील चमकत्या ठिपक्यांनी, आणि त्या ठिपक्यांवर शंका घेणाऱ्यांनी, मिळून उभा केला आहे. त्या मुलाला मात्र यांतले काही ठाऊक नसते. तो आता विसाच्या पाढ्याकडे वळलेला असतो.